अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींची पहिली गाडी: निवडण्यापासून नावावर होईपर्यंत

मुलगा किंवा मुलगी अठराची झाली, त्यात कॉलेज घरापासून लांब असलं, की घरात चारचाकीचा विषय निघतोच. मग रंग, सनरूफ, टचस्क्रीन, एव्हरेज यावर चर्चा रंगते. गाडीत बसणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न शेवटी येतो, कधी कधी येतच नाही. हा क्रम उलटा व्हावा म्हणून हे लिहितो आहे. पहिली गाडी नवशिक्याच्या हातात असते. ती कुठे ना कुठे घासणार आणि कधीतरी ब्रेक उशिरा लागणार, हे धरूनच चालायचं. अशा वेळी आतला माणूस सुखरूप राहील आणि नवख्या हाताला सहज आवरेल, अशी गाडी आधी शोधायची. बाकीचं सगळं त्यानंतर.

आणखी एक. ही खटपट आईवडिलांनी परस्पर उरकू नये. ज्याच्यासाठी गाडी घ्यायची त्यालाच जाहिराती चाळू द्या, गाडीखाली वाकून बघू द्या, फॉर्म भरू द्या. ब्रेक ऑइलची डबी कुठे असते हे ज्यानं गाडी घेण्याआधीच पाहिलं आहे, तो डॅशबोर्डवर लाल दिवा लागला की गाडी बाजूला घेतो.

साधारण तीन ते पाच लाखांत मिळणारी सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक डोळ्यांसमोर ठेवून पुढचं सगळं लिहिलं आहे. ऐपत असली तरी पहिली गाडी जुनीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या गाडीला पहिला ओरखडा पडला की घरात जो तमाशा होतो, त्यानं मूल घाबरून चालवायला लागतं, आणि घाबरलेला हात स्टिअरिंगवर नको.

आधी लायसन्स, मग गाडी

चारचाकीचं लायसन्स अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं मिळतं. "आपल्याच कॉलनीत एक चक्कर मारतोय, मारू दे" असं म्हणणाऱ्या पालकांनी मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं १९९अ हे कलम वाचावं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये काय घडलं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

शिकाऊ लायसन्सचा अर्ज 'सारथी' पोर्टलवर होतो. ते सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. गाडीचा शोध याच काळात सुरू करावा, पण व्यवहार पक्कं लायसन्स हातात आल्यावरच करावा. गाडी दारात उभी आणि लायसन्स यायचं आहे, अशा अवस्थेत मोह आवरणं त्या वयात अवघड असतं.

बजेट ठरवताना

हातात चार लाख असतील तर गाडी सव्वातीन-साडेतीन लाखांची बघा. उरलेले पैसे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच लागतात: टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, विमा, आरटीओची फी. जुनी गाडी घेतल्यावर सगळी ऑइल्स, फिल्टर आणि ब्रेक पॅड एकदा बदलून टाकले की मागच्या मालकानं काय केलं, काय नाही, याची काळजी उरत नाही. सर्व्हिसिंगची बिलं बघून महिन्याला साधारण किती पैसे पडतात ते मुलानंच वहीत मांडावं. पेट्रोलचे पैसे घरून मिळणार असले तरी मांडावं.

जीव वाचवणाऱ्या गोष्टी

इथे तडजोड नको. कमीत कमी दोन एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि धडकेत टिकणारा सांगाडा या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत.

गाडी कोणत्या वर्षाची आहे, यावर यातलं बरंच ठरतं. एप्रिल २०१९ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्ट न लावल्यास वाजणारा इशारा, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. हा इशारा ८० च्या पुढे मधूनमधून वाजतो आणि १२० च्या पुढे थांबतच नाही. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व गाड्यांना सक्तीची व्हायला २०२१ चं वर्ष संपावं लागलं. म्हणून पैसे पुरत असतील तर २०२२ किंवा त्यानंतरची गाडी घ्या, म्हणजे निदान ही यादी आपोआप पूर्ण होते. त्याआधीची घ्यायची असेल तर मॉडेलच्या नावावर जाऊ नका, व्हेरियंट विचारा. त्या काळात एकाच गाडीच्या बेसिक मॉडेलमध्ये एकच एअरबॅग असायची किंवा एकही नसायची आणि टॉप मॉडेलमध्ये दोन असायच्या. "स्विफ्ट आहे" एवढ्यावर काहीच कळत नाही.

स्टिअरिंगवर आणि समोरच्या डॅशबोर्डवर 'एसआरएस' किंवा 'एअरबॅग' अशी अक्षरं उठवलेली असतात, ती शोधा. मग चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागलाच नाही, तर जास्त सावध व्हा. अपघातात उघडलेली एअरबॅग परत न बसवता नुसता दिवाच काढून टाकण्याचा उद्योग बाजारात चालतो.

आता सांगाडा. 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेनं २०१४ च्या सुरुवातीला भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची बेसिक मॉडेलं धडकवून पाहिली आणि पाचही गाड्यांना पाचपैकी शून्य तारे मिळाले. त्यातलीच पोलो दोन एअरबॅग लावून तपासली तेव्हा चार तारे मिळाले. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. २०२० मध्ये अल्ट्रोझला पाच आणि टिआगोला चार, २०२१ मध्ये पंचला पाच तारे मिळाले. त्याच काळातल्या स्विफ्ट, वॅगन आर आणि ग्रँड आय१० निऑस या खूप विकल्या जाणाऱ्या गाड्या दोन ताऱ्यांवरच राहिल्या. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या सरकारची 'भारत एनकॅप' चाचणीही सुरू आहे. या चाचण्यांचे व्हिडिओ मोफत बघायला मिळतात. मुलाला शेजारी बसवून दोन ताऱ्यांची आणि पाच ताऱ्यांची धडक एकापाठोपाठ एक दाखवा. पुढच्या काचेशेजारचा खांब कसा वाकतो आणि स्टिअरिंग ड्रायव्हरच्या छातीकडे किती सरकतं, ते दिसल्यावर सनरूफचा विषय आपोआप मागे पडतो.

तीन ते पाच लाखांच्या बाजारात माझी पहिली पसंती २०२० नंतरच्या टिआगोला आहे. बाराशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, बऱ्यापैकी जाड पत्रा आणि गावोगावी मिळणारे पार्ट. सांभाळलेली पोलो मिळाली तर उत्तमच, पण ती २०२२ मध्ये बंद झाली आणि तिचे पार्ट महाग पडतात. अल्ट्रोझ थोडी रुंद आहे, पेठेतल्या गल्लीत पार्किंग असेल तर विचार करा. मारुतीची सर्व्हिस सगळ्यात स्वस्त आणि जवळ मिळते, हे खरंच आहे, आणि लहान गावात त्याला किंमत आहे. तिथे निदान दोन एअरबॅगचं, एबीएसचं मॉडेल बघून घ्या.

इंजिन, गिअर, इंधन

टर्बो, म्हणजे जादा ताकदीचं इंजिन, नको. ऐंशी-पंच्याऐंशी हॉर्सपॉवरचं साधं इंजिन शहरालाही पुरतं आणि घाटालाही. डिझेलही नको. कॉलेज ते घर अशा छोट्या फेऱ्यांत बीएस६ डिझेलचा धुराचा फिल्टर चोंदतो आणि दुरुस्ती महाग पडते. सीएनजी चालेल, पण कंपनीनं बसवलेला हवा. बाहेरून बसवलेला असेल तर आरसीवर त्याची नोंद आणि सिलिंडरच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीची तारीख बघा.

गिअरवर शिकावं असं मला वाटतं, कारण मित्राची, मामाची, ऑफिसची कुठलीही गाडी मग चालवता येते. रोज तासभर हिंजवडीच्या नाहीतर ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये जायचं असेल तर एएमटी, म्हणजे क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी घ्यायला हरकत नाही. फक्त चढावर ब्रेक सोडला की बऱ्याच जुन्या एएमटी मागे सरकतात. हँडब्रेक लावून चढावर गाडी उचलायचा सराव आधी करून घ्या.

शोध कुठे घ्यायचा

ओळखीतली, पहिल्या मालकाची, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नियमित जाणारी गाडी सगळ्यात चांगली. नंतर कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दालनं: तिथे भाव थोडा चढा असतो, पण कागद स्वच्छ असतात. मग डीलर आणि ऑनलाइन जाहिराती.

दिल्ली पासिंगची गाडी निम्म्या भावात मिळते म्हणून हुरळून जाऊ नका. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून जुन्या गाड्या तिथून बाहेर पाठवल्या जातात. अशी गाडी आपल्याकडे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. शिवाय इथे नव्यानं नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. सगळा हिशेब मांडला की स्वस्ताई उरत नाही. पहिल्या गाडीला आपल्याच जिल्ह्याचं पासिंग बरं.

गाडी प्रत्यक्ष बघताना

दिवसाउजेडी जा. पाऊस पडत असताना किंवा गाडी नुकतीच धुतलेली असताना रंगातले फरक दिसत नाहीत. मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येण्याआधी इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर का, ते विचारा. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलचं झाकण उघडा. आतून दुधाळ, पिवळट साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी जात असावं. अशी गाडी सोडून द्या.

महाराष्ट्रात पुराची गाडी ओळखता आली पाहिजे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या किती वाळवून, पुसून परत बाजारात आल्या असतील, याचा विचार करा. भाच्यासाठी गाडी शोधताना आम्ही सांगलीत एका डीलरकडे गेलो होतो. पांढरी हॅचबॅक, चकचकीत, सीटना नवं कव्हर, आत उदबत्तीचा घमघमाट. भाच्यानं मागच्या सीटचा बेल्ट ओढायला घेतला आणि तो अडेपर्यंत ओढतच राहिला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती. नखानं खरवडली तर माती सुटली.

"चहा सांडला असेल हो," डीलर म्हणाला.

भाच्यानं वाद घातला नाही. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी काढायला सांगितली. तिच्या खालच्या खोबणीत बारीक वाळूचा थर बसलेला होता आणि जॅकला गंज चढला होता. आम्ही आभार मानून निघालो. गाडी धुणारा सीट धुतो, गालिचे बदलतो, पण बेल्टची रीळ उघडून शेवटपर्यंत पट्टा धुवायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. सीटच्या खालच्या रुळांवरचा गंज, हेडलाइटच्या आत धरलेलं पाणी आणि गालिच्याखालचा कुबट वास या खुणाही बघाव्यात.

कोकणातली गाडी असेल तर खाऱ्या हवेचा गंज दरवाजांच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या वरच्या कमानीत आधी दिसतो. रबर सरकवून आत बोट फिरवा.

अपघाताच्या खुणा बॉनेटखाली मिळतात. बॉनेटच्या बिजागरीचे आणि पुढच्या फेंडरचे बोल्ट बघा. पाना लागल्याच्या खुणा असतील किंवा बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तो भाग काढून बसवलेला आहे. दोन दरवाजांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? काचांच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका काळातल्या आणि एकच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारा. बंपर किंवा एखादा दरवाजा रंगवलेला असणं हा दोष नाही, आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये ते होतंच. पण पुढचा एप्रन (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा), खांब किंवा चासी (खालचा सांगाडा) जोडलेली असेल तर किंमत कितीही उतरली तरी नको. वर सांगितलेले सगळे तारे त्या सांगाड्याच्या भरवशावर मिळालेले असतात.

टायरच्या बाजूला 'डॉट' नंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षीच्या खोबणीत मधूनमधून छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की तो बदलायलाच हवा. पाच-सहा वर्षं जुना टायर दिसायला चांगला असला तरी समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर त्याचा भरवसा धरू नये. चारही नवे टायर घालायचा खर्च भावातून कमी करून मागा.

किलोमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, तो मागे फिरवता येतो. तीस हजार फिरलेली म्हणतात आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं, तेव्हा समजून जा. गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी मिळतात का ते विचारा. दर वेळी किती किलोमीटर झाले होते, तो आकडा त्यांच्याकडे असतो.

मग गाडी चालवून बघा. घरातल्या अनुभवी माणसानं आधी चालवावी, मग मुलानं. खड्ड्यातून नेताना खडखड येते का, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरलं तर गाडी एका बाजूला ओढते का, जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरून गाडी सरळ रेषेत थांबते का. आणि शेवटी ओळखीच्या मेस्त्रीकडे रॅम्पवर चढवून खालून बघून घ्या. मेस्त्री आपला असावा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. मुलीची उंची कमी असेल तर तिलाच सीटवर बसवून क्लच पूर्ण दाबला जातो का आणि बॉनेटच्या पुढचं दिसतं का ते बघा. चांगल्या गाड्याही या एका कारणानं नाकाराव्या लागतात.

कागद

टोकन देण्याआधी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका: नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा, सगळं दिसतं. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं असतं, म्हणून मूळ आरसी मागा. त्यावरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर मुलानं अक्षर अक्षर जुळवावा. थकलेली ई-चलनं बघा आणि व्यवहाराआधी ती विकणाऱ्यानंच भरावीत. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवाच. "बोजा उतरवायचं काम चालू आहे" या वाक्यावर पैसे देऊ नका. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोरे फॉर्म सह्या करून एजंटकडे ठेवायची पद्धत आहे, ती टाळा. शेवटपर्यंत पाठपुरावा करा.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. "पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस आहे, तुमचा फायदा" असं विकणारा म्हणेल. तो बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. फरक भरावा लागतो.

गाडी कुणाच्या नावावर घ्यायची, याचा विमा घेताना नीट विचार होत नाही. पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो 'मालक-चालकाला' असतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणार मुलगी, तर ते कवच तिला लागू होत नाही. एक तर गाडी तिच्याच नावावर करा, अठरा पूर्ण झाल्यावर ते करता येतं. नाहीतर गाडीतल्या प्रवाशांचा आणि इतर चालकांचा जादा विमा मागून घ्या आणि तिचा स्वतंत्र अपघात विमा काढा.

पहिलं वर्ष

न्यूझीलंडनं १९८७ पासून नवशिक्यांना टप्प्याटप्प्यानं लायसन्स द्यायला सुरुवात केली: आधी रात्री एकट्यानं गाडी नाही, सोबत मित्र नाहीत, मग हळूहळू मोकळीक. पुढे इतर देशांनीही तसं केलं. आपल्याकडे पक्कं लायसन्स मिळालं की त्याच रात्री चार मित्र घेऊन लोणावळ्याला जायला कायद्यानं मोकळीक असते. म्हणून हे टप्पे घरात ठरवावे लागतात, आणि ते चावी देण्याआधी, मुलाशी बोलून, त्याला पटवून ठरवावेत.

माझ्या घरच्या मुलांना मी हेच सुचवतो: पहिले तीन महिने शेजारी एक मोठं माणूस, रात्री दहानंतर गाडी नाही, सोबत एकच मित्र. नंतर पावसात चालवायचा सराव, तोही मोठ्यांबरोबर. मग घाट. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे वर्षाअखेरीस. मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही आणि हे सांगायची जबाबदारी ड्रायव्हरची. फोन डिकीत किंवा मागच्या सीटवर. दारू प्यायलेल्या मित्राला गाडी द्यायची नाही, आणि स्वतः प्यायला असेल तर रात्री कितीही वाजता घरी फोन करायचा. त्या फोनवर कुणी ओरडणार नाही, हा शब्द आईवडिलांनी आधी द्यायचा आणि पाळायचा.

दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना मुलानं स्वतः चारही टायरची आणि स्टेपनीची हवा, इंजिन ऑइलची काडी आणि ब्रेक ऑइलची पातळी बघावी. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. पेट्रोल पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट पस्तीस भरतो, त्याला आपला आकडा सांगायचा.